तीनशे एकावं युनिट

आमच्या सोसायटीत ज्याचं विजेचं बिल कमी येतं त्याच्याकडे लोक संशयाने पाहतात. नागपूरचा मे महिना, बाहेर चव्वेचाळीस अंश, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या अप्पांचं बिल नव्वद युनिटांचं! हा माणूस एक तर मीटरला काहीतरी करतो, नाहीतर रात्री दुसरीकडे झोपायला जातो, असे दोन तर्क पार्किंगमध्ये बरीच वर्षं चालू होते. प्रत्यक्षात अप्पा दुपारी ओला पंचा अंगावर टाकून फरशीवर पडत, कूलर फक्त रात्री लावत आणि माठातलं पाणी पीत. एवढं साधं कारण असेल असं आमच्यापैकी कोणाच्या मनात आलं नाही.

मी स्वतःला कनिष्ठ मध्यमवर्गीय समजतो. इतरांनाही तसंच सांगतो, वर्गणी मागायला येणाऱ्यांना तर फारच आग्रहाने सांगतो. पण आमच्याकडे दीड टनाचा एसी आहे. तो आम्ही मुलीच्या बाळंतपणासाठी घेतला. पुढे बाळंतीण सासरी गेली, नातू गेला आणि एसी राहिला. घेतलेली वस्तू पडून राहू नये एवढ्याच भावनेनं मी त्याच्याखाली झोपू लागलो. आधी रात्रीचा, मग दुपारचा, मग दुपार आणि रात्र यांच्या मधला.

हा मजकूर २०२४च्या उन्हाळ्याचा. त्या मेच्या शेवटी नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश तापमान नोंदवलं आणि देशभर बातमी झाली. सेन्सर बिघडला होता, असा खुलासा हवामान खात्यानं नंतर केला. जूनमध्ये माझं बिल आलं तेव्हा मला सगळ्यात आधी हा खुलासा आठवला. ४८० युनिटं! सात हजारांच्या उंबरठ्यावरचा आकडा. मी पैसे भरून मीटर तपासणीचा अर्ज केला. एक मुलगा यंत्र घेऊन आला, त्यानं मीटरला जोडलं, थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाला, "मीटर बरोबर आहे काका. एकदम परफेक्ट." तो हे अभिनंदनाच्या सुरात म्हणाला.

मग मी आयुष्यात पहिल्यांदा बिल वाचलं. जन्मभर एका सहकारी बँकेत कर्जाच्या टेबलावर बसलेला मी, लोकांचे ताळेबंद उभे-आडवे वाचत आलो. स्वतःच्या बिलाची मात्र फक्त शेवटची तारीख वाचायचो. आता चष्मा लावून बसलो. घरगुती ग्राहकाची पहिली शंभर युनिटं तेव्हा वीज आकार आणि वहन आकार मिळून ५ रुपये ८८ पैशांनी. एकशे एकपासून तीनशेपर्यंत दर ११ रुपये ४६ पैसे. तीनशे एकपासून पाचशेपर्यंत १५ रुपये ७२ पैसे. पाचशेच्या वर १७ रुपये ८१ पैसे. शिवाय सव्वाशे रुपयांच्या वर स्थिर आकार आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे माझ्या शेवटच्या एकशे ऐंशी युनिटांतलं प्रत्येक युनिट शुल्कासकट अठरा रुपयांच्या पुढे गेलं होतं. एकाच वायरीतून, एकाच खांबावरून आलेली वीज महिन्याच्या सुरुवातीला सात रुपयांच्या आतली आणि महिनाअखेरीला अठराची. आमच्या बँकेत असा व्याजदर लावला असता तर सहकार आयुक्तांनी आम्हाला घरी पाठवलं असतं.

हे दुःख घेऊन मी तळमजल्यावरच्या डेअरीत गेलो. तिथं दोन डीप फ्रीझर, एक दुधाचा कूलर, काचेचं श्रीखंडाचं कपाट आणि वर दिवसा लावलेले दिवे.

"तुमचं किती आलं?" मी विचारलं.

"नऊशे युनिट, भाऊ."

"आणि दर?"

त्यानं गल्ल्याखालून बिल काढून माझ्यापुढे टाकलं. वीस किलोवॉटच्या आतलं दुकान, वर्गवारी वाणिज्यिक. वीज आकार साडेआठ रुपयांच्या आसपास, वहन आकार १ रुपया १७ पैसे. पहिल्या युनिटाला तोच, नऊशेव्या युनिटालाही तोच. दहाच्या आत! मी तिथंच स्टुलावर बसलो. माझं सरासरी युनिट सगळं धरून चौदा रुपयांना पडलं होतं, याचं साडेबाराच्या आसपास.

"म्हणजे तुमच्या श्रीखंडाला थंड ठेवणं हा धंदा," मी म्हणालो, "आणि मला थंड ठेवणं ही चैन?"

"श्रीखंड विकते न भाऊ," तो म्हणाला. "तुमाले कोण घेते?"

त्यानं मग समजावूनही सांगितलं. "आमचं पहिलंच युनिट पावणेदहाले पडते. तुमचं सहाले. शंभर युनिट जाळले तं मले अठराशे लागते, तुमाले आठशे. वरून आमचा स्थिर आकार पाचशेच्या वर, शुल्क एकवीस टक्के, अन् विक्री कर वेगळा." हे सगळं त्यानं स्पष्ट सांगितलं होतं. मी त्यातलं एकच वाक्य ऐकलं. कोणतं ते पुढे येईलच.

त्या दिवसापासून मी ऊर्जाक्षेत्राचा अभ्यासक झालो. सकाळी फिरायला जाताना, भाजी घेताना, दाढी करून घेताना मी क्रॉस सबसिडीवर बोलू लागलो. कारखाने आणि मोठी दुकानं खर्चापेक्षा जास्त दर देतात, त्यातून छोटी घरं आणि शेतीपंप यांची वीज स्वस्त होते. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना तर २०२४च्या एप्रिलपासून राज्यात वीज मोफतच आहे. २००३चा वीज कायदा म्हणतो की दर हळूहळू पुरवठ्याच्या खर्चाजवळ न्यावेत, क्रॉस सबसिडी कमी करत जावी. उद्योजकांच्या संघटना हेच वाक्य घेऊन भांडतात. मी म्हणायचो, "इथवर ठीक. पण यात माझ्यासारखा गरीब कुठं बसतो?"

"दीड टनाखाली," अप्पा म्हणाले.

अप्पांशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, कारण त्यांना खरोखर माहिती होती. दर ठरवण्याआधी राज्य वीज नियामक आयोग जाहीर सुनावणी घेतो, नागपुरातही घेतो, आणि तिथं कोणताही ग्राहक उभा राहून बोलू शकतो. नव्वद युनिटांचे अप्पा मागच्या सुनावणीला फाइल घेऊन गेले होते. त्यांनी मलाही चला म्हटलं होतं. त्या दिवशी बाहेर फार ऊन होतं, म्हणून मी घरी एसीत थांबलो.

सहानुभूती देशात मिळेना तेव्हा मी जर्मनीतल्या पुतण्याला फोन लावला. तो म्हणाला, "काका, इथं तर उलटंच आहे. कारखान्याला स्वस्त, घराला महाग. मोठा ग्राहक उच्च दाबावर वीज घेतो, त्याला वाटपाचा खर्च कमी लागतो. घरोघरी वायर ओढायची तर पैसे पडणारच."

"म्हणजे घराला किती?"

"साधारण चाळीस सेंट."

मी रुपयांत हिशेब केला, त्याच्या मुलांची चौकशी केली आणि फोन ठेवला.

शेवटचा मुद्दा माझा स्वतःचा होता आणि मला तो बिनतोड वाटत होता. कोराडीचं औष्णिक केंद्र आमच्या शहराला लागून. पलीकडे चंद्रपूरचं २९२० मेगावॉटचं. कोळसा आमच्याकडे जळतो, राख आमच्याकडे उडते, उकाडा तर आमचा आहेच. मग वहन आकार आमच्याकडून कशाला? मुंबईकडून घ्या. कोराडीहून वीज आमच्याकडे पायी येऊ शकते. डेअरीवाल्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "माझं दूध शेजारच्या गावातूनच येते न जी," तो म्हणाला. "म्हणून काय मी फुकट वाटून राहिलो का?"

तेव्हा युक्तिवाद सोडून मी कृतीकडे वळलो. डेअरीवाल्याच्या बोलण्यातलं जे एक वाक्य मी ऐकलं होतं, ते म्हणजे "आमचं युनिट पावणेदहाले पडते." आपलंही पडू शकतं. घराचं दुकान करायचं! वर्गवारी बदलली की शेवटचं युनिट अठरावरून बारावर येणार. यात बेकायदेशीर काहीच नाही. उलट मी जास्त दराच्या समजल्या जाणाऱ्या वर्गात स्वतःहून चाललो होतो. सरकारनं माझा सत्कार करायला हवा होता.

प्रश्न फक्त धंदा कोणता, एवढाच होता. माझ्या अंगी विकण्यासारखं काही नाही यावर घरात एकमत झालं. बायको मात्र उन्हाळ्यात मूगवड्या, कुरड्या, पापड आणि भरल्या मिरच्या करते. नातेवाईक पिशव्या घेऊन येतात आणि स्तुती देऊन जातात. मी तिला म्हणालो, "तुझ्या हाताला उद्योगाचा दर्जा मिळवून देतो."

"अहो, तुम्हाला एसी लावायचा आहे," ती म्हणाली. बत्तीस वर्षांच्या संसारात प्रस्तावना तिच्याजवळ चालत नाही.

तरी ती तयार झाली. मी प्रकल्प अहवाल लिहायला बसलो. आयुष्यभर दुसऱ्यांचे अहवाल नाकारले होते, त्यामुळे काय लिहिलं की अहवाल नाकारला जात नाही हे मला पाठ होतं. अडचण एकाच ठिकाणी आली. मूगवड्या उन्हात वाळतात. कुरड्या उन्हात वाळतात. पापड उन्हात वाळतात. मिरच्यांनाही ऊनच लागतं. नागपुरात या कच्च्या मालाचा तुटवडा नाही आणि त्यासाठी मीटर लागत नाही. डाळ वाटायला मिक्सर लागतो, तो महिन्याला चार-पाच युनिटं खाईल. उरलेली पावणेपाचशे कुठं दाखवायची? रात्री एसीखाली पडल्या पडल्या मला मार्ग सुचला. सकाळी उठून मी अहवालात ठळक अक्षरांत लिहिलं : "वातानुकूलित वाळवण."

बायकोनं ते दोनदा वाचलं. "दमट होतील," ती म्हणाली. मी तिला उद्योगातले धोके समजावून सांगितले.

धंद्यासाठी सोसायटीचं नाहरकत पत्र घ्यावं, असं मला वाटलं. सभा भरली. मी घरगुती दराचा अन्याय मांडला, तशी सभा माझ्या बाजूनं झुकली. कारण आमच्या लिफ्टचं आणि पाण्याच्या मोटरचं कनेक्शनही घरगुतीच. सोसायटीतल्या सामायिक सोयी निवासी दरातच धरतात. मोटर रोज दोनदा टाकी भरते, लिफ्ट दिवसभर वर-खाली करते, आणि त्यामुळे दर महिन्याला ही दोघं पाचशेच्या वर जातात. स्लॅबच्या हिशेबानं आमच्या इमारतीतली सर्वांत श्रीमंत रहिवासी लिफ्ट आहे. तिच्यापाठोपाठ मोटर. मग मी.

"म्हणजे काका, तुमचा नंबर लिफ्टच्या खालचा," दुसऱ्या मजल्यावरचा पोरगा म्हणाला. सचिवांनी हे इतिवृत्तात घेतलं नाही, एवढी त्यांची कृपा.

मात्र नाहरकत देताना त्यांनी विचारलं, "फ्लॅट व्यावसायिक झाला की देखभाल वर्गणी व्यावसायिक दरानं लावायची ना? आणि महापालिकेचा मालमत्ता करही वाढेल, तो तुम्हीच भराल ना?" मी म्हणालो, या तपशिलांवर नंतर बोलू. बँकेत कर्जदार हेच वाक्य बोलायचे, आणि ते ऐकलं की मी फाइल बंद करायचो.

वीज कार्यालयातल्या खिडकीमागे एक मॅडम होत्या. त्यांनी माझा अर्ज वाचला, उलटून मागची बाजू पाहिली आणि पुन्हा वाचला.

"तुम्हाला कमर्शियलमधून घरगुतीत यायचं आहे न?"

"नाही. घरगुतीतून कमर्शियलमध्ये जायचं आहे."

मॅडमनी शेजारच्या टेबलावरच्या साहेबांना हाक मारली. साहेबांनी आणखी एकाला बोलावलं. माझ्या अर्जाभोवती माणसं जमू लागली तसा मला अभिमान वाटू लागला.

"काका," मॅडम म्हणाल्या, "लोक दुकान चालवतात आणि आम्हाला घर म्हणून सांगतात. मग आम्ही कलम १२६ लावतो, दुप्पट दरानं आकारणी करतो, ते भांडतात, असं आमचं काम चालते. तुम्ही घर चालवता आणि दुकान म्हणून सांगता. याला कोणतं कलम लावायचं?"

मी प्रकल्प अहवाल पुढे केला. त्यांनी "वातानुकूलित वाळवण" या शब्दांवर बोट ठेवलं. त्या मूळच्या वर्ध्याच्या निघाल्या. त्यांच्या आईच्या मूगवड्या दरवर्षी गच्चीवर वाळतात. पुढचा सगळा वेळ त्यांनी मला मूगवड्यांविषयी प्रश्न विचारले आणि एकाचंही उत्तर मला आलं नाही.

तरी त्यांनी मनापासून एक सल्ला दिला. "वहिनी घरातल्या एका भागात धंदा करतात ना? मग कमर्शियलची गरजच नाही. आयोगाच्या आदेशातच सोय आहे. महिन्याला तीनशे युनिटांच्या आत आणि वर्षाला छत्तीसशेच्या आत वापर असला, तर घरातून चालणाऱ्या धंद्यालाही घरगुतीच दर लागतो. पहिली शंभर सहा रुपयांच्या आत. किती बायका यावर धंदा करतात."

ही सवलत माझ्यासाठी निरुपयोगी होती. मला तीनशेच्या आत राहायचं नव्हतं, तीनशेच्या वर स्वस्तात राहायचं होतं. मी म्हणालो, "मॅडम, नियमाप्रमाणे अर्ज केला आहे, नियमाप्रमाणे पाहणी करा."

आमच्या बँकेतही जो ग्राहक 'नियमाप्रमाणे पाहणी करा' म्हणायचा, त्याच्याकडे आम्ही लवकर जायचो.

पाहणीला एक तरुण कनिष्ठ अभियंता आला तो भर दुपारी. त्या वेळी उत्पादन विभागात मी बनियनवर झोपलो होतो. एसी अठरावर. पलंगाच्या एका बाजूला ताटात मूगवड्या मांडल्या होत्या, सकाळपासून. बायको दार उघडून त्याला थेट आतच घेऊन आली. माझ्या मते तिनं हे मुद्दाम केलं.

"हे वाळवण युनिट?" त्यानं विचारलं.

मी उठून बसलो. "आणि हे देखरेख करतात," बायको म्हणाली.

त्यानं एक मूगवडी बोटानं दाबली. ती दबली. सकाळी जशी होती तशीच ओली. गच्चीवरची, त्याच पिठाची, तोवर वाजायला लागली होती. मग त्यानं घर पाहिलं. एसी, गीझर, ओव्हन, फ्रिज, वॉशिंग मशीन, दोन टीव्ही. प्रत्येक वस्तूपुढे थांबून तो वॉट लिहीत होता. आमच्या घरात एवढ्या वस्तू आहेत हे मलाही त्या दिवशी कळलं. मुलीच्या लग्नानंतर तिच्या खोलीतला टीव्ही बंद करायचा राहून गेला होता, तोही लागलेला सापडला.

"काका, तुमचा मंजूर भार दोन किलोवॉट आहे. घरात सहाच्या वर निघतो. आधी भार वाढवून घ्यावा लागेल. आणि वापर वाढला म्हणून सुरक्षा ठेवीचीही जादा नोटीस येईल. दोन महिन्यांच्या सरासरी बिलाएवढी ठेव लागते."

"पण मी तर दर कमी करायला बोलावलं होतं."

पोरगा चांगल्या घरचा होता. त्यानं खुर्ची ओढली, पाणी मागितलं, प्रकल्प अहवालाची मागची कोरी बाजू घेतली आणि माझी वर्षभराची बिलं मागवून गणित मांडलं. चारशे-सव्वाचारशे युनिटांपाशी घर आणि दुकान यांचं बिल जवळजवळ सारखं होतं. त्याच्या वर दुकान स्वस्त, खाली घर. डेअरीवाल्यानं नऊशे युनिटं घरगुती मीटरवर जाळली असती तर त्याला चार हजार जास्त पडले असते, म्हणून त्याचं दुकान दुकानच बरं. माझे सव्वाचारशेच्या वर जाणारे महिने उन्हाळ्याचेच. त्यांत सगळे मिळून हजार-दीड हजार वाचले असते. उरलेले नऊ महिने माझा वापर दीडशेच्या आसपास. तिथं घराचं बिल दीड हजार, दुकानाचं चोवीसशे. म्हणजे नऊ महिन्यांत आठ हजारांवर जास्त जाणार. त्यात व्यावसायिक देखभाल आणि मालमत्ता कर धरलेला नाही.

"हिवाळ्यात पुन्हा घर करता येईल का?" मी विचारलं.

त्यानं पेन खिशाला लावलं.

जाताना बायकोनं त्याला गच्चीवरच्या मूगवड्यांची पुडी दिली. त्यानं पैसे काढले. ती नको म्हणाली, तो ऐकेना. ती आमच्या उद्योगाची पहिली विक्री. दुसऱ्या आठवड्यात वीज कार्यालयातून मॅडमनी माणूस पाठवून दोन किलो मागवल्या. त्यांच्या शेजारच्या साहेबांना कुरड्या हव्या होत्या. माझ्या अर्जाभोवती जेवढी माणसं जमली होती तेवढी सगळी ग्राहक झाली. मग त्यांच्या बहिणी, मग बहिणींच्या नणंदा. डेअरीवाल्यानं काउंटरवर बरण्या ठेवल्या. दिवाळीपर्यंत बायकोकडे वही आली, वहीत उधारी आली आणि वसुलीचं काम बँकेचा अनुभव म्हणून माझ्याकडे आलं.

पुढच्या मार्चमध्ये ऊन तापू लागलं. मी एसीचा रिमोट शोधायला लागलो. तो कुठंच नव्हता.

"पापडाच्या डब्यात आहे," बायको म्हणाली, "आणि तिथंच राहील."

स्वयंपाकघरात कालनिर्णय लागलेलं असतं. त्याच्या प्रत्येक चौकोनात आता तिथी, वार, सण आणि खाली तिच्या अक्षरात मीटरचं रिडिंग होतं. महिन्याच्या माथ्यावर लाल पेननं तीनशे. मॅडमनी खिडकीवर मला दिलेला सल्ला मी घरी येऊन थट्टेनं सांगितला होता. तिनं तो तेव्हाच लिहून ठेवला होता.

"अहो, तीनशेच्या आत असलं तर धंदा घरगुती दरानं चालतो. तीनशे एकावं युनिट पडलं की माझ्या मूगवड्या दुकान होतात. महिन्याला मिक्सरला आणि नव्या पीठगिरणीला तीस लागतात. घराला दीडशे. उरले एकशेवीस. तुम्हाला रात्री दोन तास देते."

"आणि दुपारी?"

"दुपारी अप्पांना विचारा, पंचा कसा भिजवायचा ते."

मी अप्पांना विचारलं नाही, पण ते स्वतःच येऊन सांगून गेले. पाणी माठातलं घ्यायचं, फ्रिजचं नाही. पिळायचा नाही, झटकायचा. पार्किंगमध्ये आमच्या बिलाविषयी नवा तर्क चालू झाला आहे असंही त्यांनी सांगितलं. मी मीटरला काहीतरी करतो म्हणे.

मी पंचा करून पाहिला. जमत नाही. म्हणून दुपारी जेवण झालं की खाली डेअरीत जातो. मोठ्या डीप फ्रीझरच्या बाजूला एक स्टूल आहे. झाकण उघडलं की गार हवेची लाट पायांवर येते, आणि उन्हाळ्यात झाकण सारखं उघडावं लागतं. सुरुवातीला मी उधारीची वही घेऊन जायचो, म्हणजे काही कामासाठी बसलोय असं वाटावं. आता ते सोडलं. परवा पेपर घेऊन बसलो होतो तर डेअरीवाल्यानं माझ्यापुढे ताकाचा ग्लास आणून ठेवला. मी म्हणालो, "अरे, नको, आत्ताच जेवलो."

"घ्या भाऊ," तो म्हणाला. "पंधरा रुपये. बसून राहिले तं काहीतरी घ्यावंच लागते. वरती तुमची हवा घरगुती होती, इथली कमर्शियल आहे."